सुस्काऱ्याची काठिण्यपातळी

हॅटी लिंडक्विस्टने सुस्कारा सोडला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ पुढे चौदा कागदांवर नोंदली गेली. त्यातल्या तीन कागदांवर ती बारा वाजून बारा मिनिटं अशी आहे, आणि त्या दोन मिनिटांवर एक अख्खा तास खर्ची पडला होता. पण तिथवर पोचायला आपल्याला अजून वेळ आहे.

जागा म्हणाल तर थॉर्नबरी कॉलेजातल्या पेनिमन हाऊसचं जेवणघर. परीक्षेच्या आठवड्यातला मंगळवार. हॅटीसमोर शिंपल्यांच्या दाट सूपचा वाडगा, आणि लांबलचक टेबलाभोवती भूगर्भशास्त्राच्या वर्गातल्या बाकीच्या अकराजणी. वर्गच बाराजणींचा. हॅटी नुकतीच भूगर्भशास्त्राचा पेपर देऊन आली होती. अकराजणींचा व्हायचा होता. सगळा घोळ या एवढ्याशा फरकात आहे.

कारण थॉर्नबरीत परीक्षेला सुपरवायझर नसतो आणि वेळापत्रकही नसतं. आठवडाभरात ज्या मुलीला जेव्हा वाटेल तेव्हा तिने खिडकीवरून आपलं बंद पाकीट घ्यायचं, एखादी रिकामी खोली शोधायची, तीन तास लावून पेपर लिहायचा आणि खाली सही करायची, की हे सगळं मी सरळपणे केलं. कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे आणि मुली कॉपी करत नाहीत. कॉपी करता येत असूनही न करण्याची एक वेगळीच मस्ती असते. ती इथे पहिल्याच सहामाहीत चढते आणि मग उतरत नाही. या मोकळिकीच्या बदल्यात सचोटी-संहितेत एकच कडक कलम आहे. ज्यांचा पेपर व्हायचा आहे त्यांना, झालेल्या पेपराचा आशय, स्वरूप, लांबी किंवा काठिण्यपातळी, यांतलं काहीही ‘शब्दाने, खुणेने वा अन्य प्रकारे’ कळू द्यायचं नाही. म्हणून या आठवड्यात पेपर देऊन बाहेर पडणाऱ्या मुलीचा चेहरा पोस्टाच्या रांगेत उभं राहिल्यासारखा असतो.

हॅटीनेही तो तसाच ठेवला होता. विज्ञान इमारतीपासून जेवणघरापर्यंत तिने तो सांभाळून आणला. खुर्ची ओढली, बसली, पहिला चमचा तोंडात घातला, आणि मग तो आला. लांब, खोल, शेवटी किंचित थरथरणारा.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले.

“हॅटी,” समोर बसलेली इमोजेन राथबन म्हणाली, “हे काय होतं?”

“काय?”

“आत्ता जे सोडलंस ते.”

इमोजेन हॅटीची खोलीतली जोडीदारीण. मनाने निर्मळ, आणि त्यामुळे सोबत राहायला अवघड. पहिल्या वर्षी तिने वाचनालयातलं एक पुस्तक चुकून दुसऱ्या फळीवर ठेवलं, तर ते स्वतःहून लेखी कळवलं होतं. ते पुस्तक आधीपासूनच चुकीच्या फळीवर होतं असं निघालं, तेव्हा तिला उलट वाईट वाटलं.

“अगं, नुसता श्वास होता,” हॅटी म्हणाली.

“श्वास असा नसतो. मी दोन वर्षं तुझ्या खोलीत झोपते, तुझा श्वास मला माहीत आहे. हा सुस्कारा होता. आणि तू पेपर देऊन आलीस हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे काठिण्यपातळी झाली.”

“झाली म्हणजे?”

“उघड झाली.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाची एकजण म्हणाली, “मी तर काहीच ऐकलं नाही,” आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. हे सुस्कारा संपल्यावर तिने केलं, असं पुढे तिच्याच जबाबात आहे.

“चोवीस तासांत तुला स्वतःला कळवावं लागेल,” इमोजेन मऊ आवाजात म्हणाली. “नाही कळवलंस तर मला कळवावं लागेल, आणि ते मला अजिबात आवडणार नाही.”

“पण इमी, शुक्रवार!”

शुक्रवार म्हणजे आइसलंड. भूगर्भशास्त्राच्या प्रोफेसर ग्लॅडस्टीन दर उन्हाळ्यात दोन मुलींना नऊ आठवडे लाव्हाचे थर मोजायला आइसलंडला नेत. जागा दोन, वर्ग बाराजणींचा, अर्ज बारा. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा, आणि त्यावर सचोटी मंडळाचा शिक्का हवा, की या मुलीचं कोणतंही प्रकरण प्रलंबित नाही. हॅटीने आइसलंडचा नकाशा पलंगाच्या वर छतालाच चिकटवला होता, म्हणजे सकाळी डोळे उघडले की आधी ज्वालामुखी दिसावेत. तिच्या डुलुथ गावात दगड भरपूर होते, पण ते सगळे जुने होते. ताजा दगड तिने जन्मात पाहिला नव्हता.

“अर्ज मीही केलाय, हॅटी,” इमोजेन म्हणाली. “म्हणून तर मला जास्तच जपून वागायला हवं. मी गप्प बसले तर लोक म्हणतील मैत्रीण म्हणून गप्प बसली. बोलले तर म्हणतील जागेसाठी बोलली. दोन्हींत बोललेलं बरं.”

हॅटीने सूप तसंच सोडलं. ही गोष्टही पुढे नोंदली गेली.

त्या दुपारी पेनिमन हाऊसच्या दुसऱ्या मजल्यावर सल्ल्यांची झड लागली. समोरच्या खोलीत राहणारी वॉलिस तत्त्वज्ञान शिकत होती, आणि दार उघडंच ठेवत असे, कारण बंद दार हे एक विधान आहे असं तिचं म्हणणं.

“सुस्कारा हे मात्र विधान नव्हे,” ती दारातच मांडी घालून बसली. “तो खरा नसतो, खोटाही नसतो. जे खरंखोटं नसतं त्याने काही सांगितलं असं होऊच शकत नाही. तू निर्दोष आहेस.”

“खरंच?”

“हो. फक्त हे सिद्ध करायला मला पुढची दीड वर्षं लागतील. माझ्या प्रबंधात तुझा सुस्कारा वापरला तर चालेल ना?”

बाकीच्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते सोपं होतं. सूप म्हण. सूप गरम होतं, जीभ पोळली, सुस्कारा सुटला. हॅटीच्या आईनेही फोनवर तेच सांगितलं. आई डुलुथला एका दातांच्या डॉक्टरांकडे रोग्यांच्या वेळा बघायची, त्यामुळे दिवसभर लोक तोंड उघडून काय काय आवाज काढतात याची तिला चांगली माहिती होती.

“सूप म्हण आणि मोकळी हो, बाळा.”

“पण आई, ते सूपमुळे होतं की पेपरामुळे, ते मला खरंच माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? सुस्कारा तुझाच ना?”

“माझाच. पण सोडताना मी विचार केला नव्हता.”

आई म्हणाली, “हॅटी, आम्ही तुला खरं बोलायला शिकवलं. पण इतकं नाही शिकवलं.”

यानंतर हॅटीने काय करायला हवं होतं हे कोणीही शहाणा माणूस सांगेल. तिने ते केलं नाही. ती डीनच्या कार्यालयात गेली.

कार्यालयाच्या खिडकीत मिसेस डॉयल बसत. त्या गावातल्याच, कॉलेजच्या नव्हेत. सव्वीस वर्षं या खिडकीतून त्यांनी हुशार मुली पाहिल्या होत्या आणि आता त्यांना त्यांचं नवल वाटत नसे. त्यांनी कागद पुढे सरकवला. कागदावर तीन चौकोन होते: नक्कल केली, मदत घेतली, इतर. ‘इतर’च्या पुढे एकच रेघ होती. हॅटीने तिच्यावर लिहिलं, ‘सुस्कारा’.

मिसेस डॉयलनी चष्मा वर केला. “सुस्कारा?”

“हो.”

“कोणाचा चोरलास?”

“चोरला नाही, मिसेस डॉयल. सोडला. माझाच.”

“हं.” त्यांनी कागदावर शिक्का मारला. “गेल्या साली एकीने स्वप्नात उत्तर पाहिलं म्हणून अर्ज दिला होता. उत्तर चुकीचं होतं. मग तिने चुकीचं उत्तर पाहिल्याबद्दल दुसरा अर्ज दिला. पोरी, घरी पाळीव प्राणी आहे का तुझ्या?”

“मांजर आहे.”

“तिच्याकडे बघत जा मधूनमधून.”

बुधवारी सकाळी दहाला सचोटी मंडळ बसलं. मंडळ विद्यार्थिनींचंच असतं. डीनलासुद्धा आत यायला परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. अध्यक्ष होती टेस ओयेलारान, शेवटच्या वर्षाची. रविवारी तिचा पदवीदान समारंभ होता आणि त्याआधी तिला एक प्रबंध, दोन पेपर आणि आता हे, एवढं उरकायचं होतं. मंडळात मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, हा इथला रिवाज. बसून बसून कंटाळा येतो म्हणून विणकामाला परवानगी आहे. मंडळावरच्या सातपैकी चौघी विणत होत्या. गंभीर प्रकरण असलं तर पूर्ण स्वेटर होतो. हॅटी आत गेली तेव्हा चौघींनी नवीन लोकर काढली.

पहिला तास वेळेच्या प्रश्नावर गेला. आदल्या संध्याकाळी अकराजणींकडून नुसती वेळ लिहून घेतली होती, आणि तिघींनी ती बारा-बारा सांगितली होती. बारा-दहाला सूप वाढलं जातं, बारा-बाराला ते पिण्याइतपत निवतं. म्हणजे सुस्कारा बारा-बाराचा असेल तर सूपची बाजू लंगडी पडते. जेवणघराचे मुख्य आचारी रेमंड यांना बोलावलं. रेमंड एप्रन न काढताच आले आणि उभेच राहिले.

“माझ्या सूपवर एकोणीस वर्षांत कोणी सुस्कारलेलं नाही,” ते म्हणाले. “मिटक्या मारल्या आहेत. सुस्कारा नाही. मला हे लेखी पाहिजे.”

“काय लेखी पाहिजे, मिस्टर रेमंड?”

“की सूपचा दोष नव्हता.”

“ते अजून ठरायचंय.”

“मग ठरेपर्यंत शिंपल्यांचं सूप बंद,” असं म्हणून ते गेले. या वाक्यामुळे हॅटीविरुद्ध जेवढं जनमत तयार झालं तेवढं मंडळाने वर्षभर कागद काढले असते तरी झालं नसतं.

मग टेसने पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “हॅटी, तुझी हरकत नसेल तर तो एकदा करून दाखवशील?”

“काय?”

“सुस्कारा. आम्हां सातजणींत कोणाचंच भूगर्भशास्त्र नाही, त्यामुळे आम्हाला चालेल. ऐकल्याशिवाय त्याच्यात काय होतं ते कसं कळणार?”

हॅटी उभी राहिली. लोकांसमोर मुद्दाम सुस्कारा सोडणं किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिला जांभईसारखा झाला. दुसरा शिट्टीसारखा झाला. विणणाऱ्यांपैकी एक म्हणाली, “अगं, ताण घेऊ नकोस, पेपर आठव.” हॅटीने पेपर आठवला, आइसलंड आठवलं, मंगळवारपासून तिची झालेली दशा आठवली, आणि मग तो आला. मंगळवारपेक्षाही भारी. लोकरीच्या सुया थांबल्या.

खिडकी उघडी होती. खिडकीखाली मेपलच्या सावलीत भूगर्भशास्त्राच्या चौघी अभ्यास करत होत्या. त्यांच्यातली एक वर बघून ओरडली, “हॅटी, परत?”

अशा रीतीने बुधवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी प्रकरण क्रमांक दोन उघडलं गेलं.

दुपारी विज्ञान इमारतीच्या जिन्यात प्रोफेसर ग्लॅडस्टीन भेटल्या. त्या कधीकाळी थॉर्नबरीतच शिकल्या होत्या. साठीच्या, सडपातळ, खिशात कायम एखादा खडा. मंडळाने त्यांना कळवलं होतं, की अकराजणींनी पहिला सुस्कारा ऐकल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा पेपर काढावा. तो त्यांनी सकाळी काढला. मग कळलं, की दुसरा सुस्काराही चौघींनी ऐकलाय, तर त्यांच्यासाठी तिसरा काढावा.

“दगड बरे,” त्या म्हणाल्या. “काही ऐकत नाहीत.”

“मॅडम, मला खरंच फार वाईट वाटतंय.”

“वाटू दे. चांगलं असतं.” त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. “तुला पेपर कसा गेला हे मी विचारणार नाही. विचारायचं नसतं.”

“हो, मॅडम.”

“विचारत नाहीये.”

“हो.”

“पण तो सुस्कारा जर ‘सोपा होता’ असा असेल,” खिशातला खडा त्यांच्या मुठीत करकरला, “तर बत्तीस वर्षांत मला इतकं कोणी टाकून बोललेलं नाही.”

गुरुवारी अकराजणींचे जबाब झाले. प्रत्येकीला एकच प्रश्न होता: सुस्काऱ्यावरून पेपराबद्दल तुमचा काही समज झाला का, आणि झाला तर कोणता? पाचजणींनी सांगितलं, पेपर भयंकर आहे असं वाटलं, म्हणून त्या जेवण सोडून वाचनालयात पळाल्या. चौघींना वाटलं, पेपर किरकोळ असणार, सुस्कारा सुटकेचा होता. त्या तळ्यावर पोहायला गेल्या. एकीने लिहिलं, ‘हॅटी नेहमीच सुस्कारते, मी हिशेब ठेवत नाही.’ हे हॅटीला सगळ्यांत जास्त लागलं. आपण नेहमी सुस्कारतो हे तिला माहीतच नव्हतं. दिवसभर ती श्वास घेताना घाबरत होती आणि चार वाजता तिला उचकी लागली.

अकरावा जबाब इमोजेनचा. तो चौदा पानी होता आणि अपुरा होता.

“माझा समज झाला की नाही, हे इतकं सरळ नाहीये,” खोलीत चारी बाजूंना कागद पसरून ती म्हणाली. “समज झाला. पण तो तुझ्या सुस्काऱ्याने झाला, की तू सुस्कारलीस म्हणून मी जो विचार केला त्याने झाला? आणि तुझा स्वभाव मला माहीत असल्यामुळे मला बाकीच्यांपेक्षा जास्त कळलं, असं तर नाही ना? हे तिसरं परिशिष्ट आहे.”

“इमी, दोन ओळी लिही ना.”

“कुठल्या दोन?”

हॅटीला पुन्हा उचकी लागली.

सुनावणी शुक्रवारी दुपारी दोनला सुरू झाली. विणणाऱ्या चौघींपैकी एकीच्या स्वेटरला दोन्ही बाह्या झाल्या होत्या. टेसने सगळे कागद वाचून दाखवले, मग हॅटीकडे वळून म्हणाली, “आता तू सांग. सुस्कारा कशाचा होता?”

सूप. हे एकाक्षरी नव्हे, पण जवळजवळ तितकंच छोटं उत्तर तिच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर पाच मिनिटांत शिक्का मिळाला असता. छतावरचा नकाशा तिच्या डोळ्यांसमोर आला. दक्षिण किनाऱ्यावर एका ठिकाणी तो सुटून लोंबायला लागला होता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “सूप गरम होतं. पेपर झाला होता. पोटात भूक होती. मी तीन दिवस आठवतेय आणि जितकं आठवते तितकं कमी कळतं. मी सूप म्हणाले तर ते खरं असू शकेल, पण मला माहीत आहे म्हणून नाही म्हणणार, सोयीचं आहे म्हणून म्हणेन.”

थॉर्नबरीत मोठा निर्णय घेण्याआधी गप्प बसायचं असतं, आणि त्या गप्प बसण्याला मर्यादा नसते. दीड तास गेला. मध्ये फक्त सुया वाजत होत्या. शेवटी टेस म्हणाली, “पाचजणी म्हणतात अवघड, चौघी म्हणतात सोपा, एक म्हणते नेहमीचंच. म्हणजे सुस्काऱ्यातून कोणालाच काही कळलं नाही. उलट जे कळलं त्यातलं निम्मं चुकीचंच असणार. कोणाची हरकत?”

कोणाची नव्हती. दोन्ही प्रकरणांसाठी मिळून निकालाचं एकच वाक्य लिहिलं गेलं: ‘प्रस्तुत सुस्काऱ्यात कोणतीही माहिती नव्हती.’ हॅटीला आनंद झाला, आणि थोडा अपमानही वाटला. आयुष्यात इतक्या मनापासून केलेल्या गोष्टीबद्दल सात हुशार मुली सव्वादोन तास बसल्या होत्या, आणि त्यात काहीच नाही असं एकमताने ठरलं होतं.

वीस मिनिटांनी ती धापा टाकत खिडकीपाशी आली. घड्याळात चार चाळीस. मिसेस डॉयलनी निकाल पाहिला, अर्जावर शिक्का मारला आणि तो बाजूच्या तबकात ठेवला. तबक रिकामं होतं.

“बाकीचे अर्ज?” हॅटीने विचारलं.

“बाकीचे कुठले? दहाजणींची नवी पाकिटं अजून तपासून यायची आहेत, राथबनचा जबाब यायचाय. हे होईपर्यंत त्या सगळ्या प्रलंबित. तुझ्या सुस्काऱ्याने.”

हॅटीला हे कळायला जरा वेळ लागला. बारा अर्ज, दोन जागा, आणि शिक्का एकटीच्याच अर्जावर. जिने घोळ घातला तिचाच.

“पण हे बरोबर नाही,” ती म्हणाली. “मला याचा फायदा झाला.”

“झाला खरा.”

“मग हे मला कळवायला हवं. दुसरा कागद द्या.”

मिसेस डॉयलनी कागद काढला, पण हातातच ठेवला. “नीट ऐक. आत्ता दिलास तर प्रकरण प्रलंबित, तुझा अर्ज बाद. मंडळ पाच वाजता विसर्जित होतं, मुली रविवारी पदवी घेऊन जातात. नवीन मंडळ सप्टेंबरात. म्हणजे आइसलंडला कोणीच जाणार नाही. बाई तिथे एकट्याच दगडांशी बोलत बसतील.”

तेवढ्यात प्रोफेसर ग्लॅडस्टीन अर्ज न्यायला आल्या. त्यांनी तबकात पाहिलं, एक अर्ज मोजला, आणि खिशातला खडा मुठीत घेतला. आणि त्यांच्या पाठोपाठ, चार बावन्नला, इमोजेन आली, छातीशी कागदांचा गठ्ठा धरून. आता तो एकोणीस पानी झाला होता.

हॅटीने तिचा दंड धरला. “इमी, तू नवा पेपर दिलास ना?”

“काल सकाळीच. तो तपासूनसुद्धा झाला. फक्त जबाब राहिलाय.”

“टेस आत मंडळाचे कागद जमा करतेय. मिसेस डॉयल, हिचा जबाब टेसने घेतला तर हिचं प्रकरण मिटतं?”

“मिटतं. पण एकोणीस पानं आठ मिनिटांत कोण वाचणार?”

“शेवटचं पान पुरे! खाली प्रश्न छापलाय बघ, ‘समज झाला का’, हो की नाही. ‘नाही’ लिही. सही कर. दुसरी जागा तुझी आहे, इमी! तुझीच आहे. तू माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केलायस.”

इमोजेनने पान समोर घेतलं. पेन उघडलं. हॅटीने आयुष्यात कोणाच्या पेनाकडे इतक्या आशेने पाहिलं नव्हतं.

“पण समज तर झाला होता,” इमोजेन म्हणाली.

“मग ‘हो’ लिही! हो लिहिलंस तरी चालतं, तू नवा पेपर दिलायस!”

“पण पूर्ण ‘हो’ही नव्हता.”

“राथबन,” प्रोफेसर ग्लॅडस्टीन म्हणाल्या, “तीन मिनिटं.”

“मॅडम, मला जायचंय. तुम्हाला माहीत नाही मला किती जायचंय.” तिचे डोळे भरले होते. पेनाचं टोक कागदाला टेकलं, एक ठिपका उमटला, आणि पेन पुन्हा वर आलं. “पण इथे मधला चौकोनच नाहीये.”

भिंतीवरचं घड्याळ पाचला टेकलं. आतलं दार उघडून टेस बाहेर आली, मंडळाची किल्ली मिसेस डॉयलच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली; चार वर्षांत प्रथमच तिला करण्यासारखं काही नव्हतं. मिसेस डॉयलनी खिडकीची फळी अर्धी ओढली.

“दुसऱ्या जागेवर मी मोठा हातोडा नेते,” प्रोफेसर म्हणाल्या. “तो नेहमी मागे राहतो.”

हॅटी त्या संध्याकाळी बराच वेळ पलंगावर पडून होती. मग उठून तिने आपल्याला झालेल्या फायद्याचं सगळं दोन पानांत लिहिलं, पाकिटात घातलं आणि मंडळाच्या दाराला असलेल्या लाकडी पेटीत टाकलं. पेटी सप्टेंबरात उघडणार होती. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला, आणि तिला वाटलं तळाशी आणखी काहीतरी आहे.

आइसलंड चांगलं होतं. दगड होते. काही इतके ताजे होते, की त्यांच्यावर हात ठेवला तर हाताला ऊब लागत होती. हॅटीने नऊ आठवडे थर मोजले आणि दर थरागणिक तिच्या मनात आलं, की इमोजेनने हा दोनदा मोजला असता.

सप्टेंबरात नव्या मंडळाने पेटी उघडली तेव्हा आत बारा पाकिटं निघाली. ‘भयंकर’ लिहिणाऱ्या पाचजणींना आता वाटत होतं, की आपण सुस्काऱ्याआधीच घाबरलेल्या होतो. पोहायला गेलेल्यांपैकी दोघींनी कळवलं होतं, की त्या तशाही जाणारच होत्या. कान झाकणारीने सांगितलं, की तिने सगळं ऐकलं होतं. सगळ्यात जाडं पाकीट इमोजेनचं होतं. आणि नव्या मंडळाची अध्यक्षही तीच होती, एकमताने निवडून आलेली. तिने आपलं पाकीट बाजूला ठेवलं, दुसऱ्या कोणी ते उघडावं म्हणून, आणि हॅटीचं घेऊन खोलीवर आली.

ती हॅटीच्या पलंगाच्या कडेला बसली. वर छतावर नकाशा सगळा सुटून एका कोपऱ्यावर लोंबत होता.

“वाचलं मी,” ती म्हणाली. “जागा दोन होत्या, हॅटी. एक मला लिहिता आली नाही. त्यात तुझा दोष नाही.”

“मग माझ्या प्रकरणाचं काय करणार?”

“सुनावणी होईल रीतसर. पण आधी मला सांग, कसं होतं?”

हॅटीने विचार केला. घाईत काही सांगून टाकणं आता तिला जमत नव्हतं.

“छान होतं,” ती म्हणाली. “तू हवी होतीस. रोज.”

इमोजेनने खिशातून पेन काढलं. “हे नोंदवून घेऊ?”

“घे,” हॅटी म्हणाली.